बारा चाळीसचा फोटो

१

मॉरिशसमधल्या पोर लुईच्या बंदरावर, शनिवारी दुपारी दीड वाजता, शे-दोनशे माणसांच्या देखत एका इन्स्पेक्टरनं अनुसयाचा दंड धरला. तिला आधी वाटलं, गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला असेल. पण तो हात काही सुटेना.

तिच्या हातात नुकताच मिळालेला फोटो होता. धक्क्यावरच्या फोटोवाल्या राधाकृष्णाच्या पत्र्याच्या खोक्यासमोर ती उभी होती आणि शेजारी तिचा नवरा इंद्रदेव सुट्टे पैसे शोधत होता. लग्नाला सात वर्षं होऊन गेल्यावर दोघांनी मिळून काढलेला हा पहिला फोटो. त्यात बाकावर बसलेली ती दोघं होती, आणि मागं जुन्या गोदामाच्या कपाळावरचं घड्याळ. स्वतःचा चेहरा तिला पटला. रोज आरशात दिसते तशीच दिसत होती ती. इंद्रदेव मात्र जरा वेगळाच वाटत होता, त्याचा एखादा मावसभाऊ बसवल्यासारखा. कॅमेऱ्यापुढं माणसं आखडतात, तसं झालं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात दंडावर हात पडला.

"सोन्याची डबी कुठं आहे?" इन्स्पेक्टरनं बेटावरच्या क्रेओल बोलीत विचारलं.

"कसली डबी?"

"तोच प्रश्न मी तुला विचारतोय," तो म्हणाला आणि तिच्या बोटांतून फोटो ओढून घेतला. फोटोतल्या घड्याळावर नजर जाताच त्याचा चेहरा एकदम उजळला. अनुसयाला तो उजळलेला चेहराच जास्त झोंबला.

२

सकाळी साडेसातच्या बसनं ती दोघं सांत्र द फ्लाक गावाहून निघाली होती. अनुसया गावात शिवणकाम करायची. नवऱ्याचे सदरे आणि निम्म्या गावाची पोलकी तिच्याच मशीनवर शिवली जायची. इंद्रदेव प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचा, पण नोकरी अजून कच्ची होती. येत्या गुरुवारी कायमच्या नेमणुकीसाठी त्याची मुलाखत ठरली होती. ती झाली की मग वेळ मिळणार नाही, म्हणून या बेटावर जुलैत पडते त्या थंडीतला हा एक शनिवार त्यांनी फक्त फिरण्यासाठी ठेवला होता.

हिंडलीही दोघं मनसोक्त. सरकारवाड्यासमोरच्या माडांच्या रांगेतून ती धक्क्यावर आली. बोटींवर साखरेची पोती चढताना बघितली. कुली घाटाच्या दगडी पायऱ्या लांबून पाहिल्या. त्याच पायऱ्यांवरून अनुसयाचा पणजा रत्नागिरीकडून मजूर म्हणून येऊन वर चढला होता, असं तिच्या आज्यानं तिला सांगितलं होतं. पुढं एका जुन्या गोदामात बंदराच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. दारात शाळेच्या पोरांची झुंबड होती.

"आत काय बघायचा? गोऱ्या कप्तानांची भांडीकुंडी," इंद्रदेव म्हणाला होता. "त्यापेक्षा भायेर बसू, गो. समिंदर फुकट हाय."

मग ती बाहेरच्या बाकावर बसली आणि राधाकृष्णानं त्यांना गाठलं. घड्याळासकट फोटो काढतो, म्हणजे दिवसाबरोबर वेळही लक्षात राहते, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. फोटो काढून झाल्यावर त्यानं बजावलं होतं की धुवायला, छापायला, वाळायला दोन तास लागतात, दीड वाजता या. मग ती दोघं बाजाराकडं गेली; तिथं इंद्रदेव थोडा वेळ पुस्तकांच्या दुकानात शिरला.

सगळं मिळून एवढंच घडलं होतं. गोदामाच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

आणि आता त्याच गोदामाकडं इन्स्पेक्टर तिला धक्क्याच्या मधोमध चालवत नेत होता. दंड धरूनच. हमाल थांबून बघत होते. अननसवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोपऱ्यावर फ्लाकच्या बसची वाट बघत ओळखीची माणसं असणार, हे अनुसयाला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली नाही. मान खाली घातली की चोर ठरतो माणूस, एवढं तिला कळत होतं. पण कानशिलं अशी तापली होती की समोरचं नीट दिसेना.

"सोड तिचा हात!" इंद्रदेव ओरडला. "ती स्वतः चालतेय ना?"

"मास्तर आहेस म्हणे," इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला. "मग सरकारी माणसाशी कसं बोलायचं ते तुला माहीत असेल. गुरुवारपर्यंत तरी."

गुरुवारचं त्याला कुणी सांगितलं? खोक्यापाशी इंद्रदेवनंच सांगितलं होतं, मी कोण आहे ते कळावं म्हणून. इंद्रदेवचा आवाज तिथंच बसला.

३

इन्स्पेक्टरचं नाव देवराज. माणूस चाळिशीचा, कपड्यांत टापटीप, आणि आपण न्यायानं वागतो अशी स्वतःबद्दल पक्की खात्री असलेला. असल्या माणसांशी भांडणं फार अवघड असतं.

गोदामाच्या मागच्या खोलीत टेबल होतं, चार खुर्च्या होत्या, आणि एक चिडलेला गृहस्थ होता. हे मोस्ये लाफोर्ज, प्रदर्शनाचे सेक्रेटरी. त्यांनी थोडक्यात सांगितलं. जुन्या फ्रेंच कप्तानाची सोन्याची तपकिरीची डबी, मूठभर आकाराची. सव्वाबारा वाजता त्यांनी स्वतः काचपेटीत पाहिली होती. एक वाजता पेटी उघडी होती आणि डबी नव्हती. तीन वाजता बोटीवरचे पाहुणे प्रदर्शन बघायला येणार होते, त्याच्या आत हे सगळं मिटायला हवं होतं.

"मिटेल," देवराज म्हणाला.

मग अनुसयाची पिशवी टेबलावर उलटी केली गेली. केवड्याच्या पातीच्या त्या पिशवीतून एक कंगवा, दोन संत्री, पोलक्याच्या कापडाचा तुकडा आणि रुमाल बाहेर पडले. आडोशाला एका झाडूवालीकडून तिची झडती झाली. अंबाडा सोडायला लावला. केसांत सोनं लपवतात म्हणे बायका. मोकळे केस घेऊन ती परत खोलीत आली तेव्हा तिथल्या पुरुषांपैकी एकानंही नजर वळवली नाही.

"मिळाली काय तुमची डबी?" तिनं विचारलं.

"कुणाकडं तरी दिली असशील," देवराज म्हणाला. "हरिलाल, पुन्हा सांग."

हरिलाल त्या गोदामाचा रखवालदार. खाकी गणवेश, छातीवर पितळेची बटणं, मांडीवर जेवणाचा डबा. डब्यावर दोन्ही हात ठेवून तो बसला होता आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं सांगत होता.

"मी साडेबाराला दारात जेवायला बसलो, साहेब. मग हात धुवायला नळावर गेलो. पाच मिनिटं, जास्त नाही. परत येतो तर ही बाई दारातून बाहेर येत होती. साडी नेसलेली, उजव्या खांद्यावर पदर. नवऱ्याशेजारी बाकावर जाऊन बसली. फोटोवाला त्यांचा फोटो काढत होता. मी वर घड्याळ बघितलं, बारा चाळीस. मनात म्हटलं, असतील कुणी गाववाले. एक वाजता पेटी बघतो तर रिकामी."

"हे त्यानं मला एक वाजून दहा मिनिटांनी सांगितलं," देवराज अनुसयाकडं वळला. "तेव्हा हा फोटो मी पाहिला नव्हता. आता तू सांग. किती वाजता बसला होतात बाकावर?"

"सकाळी. अकराच्या पुढं."

"नक्की?"

"नक्की. बाराला आम्ही बाजारात दाल-पुरी खात होतो."

देवराजनं फोटो टेबलावर ठेवला आणि घड्याळावर बोट टेकवलं. त्या घड्याळावर आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या, पण काटे स्वच्छ दिसत होते. लहान काटा बाराच्या पुढं गेलेला, मोठा आठवर.

बारा चाळीस.

अनुसयानं रेघा पुन्हा मोजल्या.

"आता मला एवढंच सांग, बहिन," देवराज म्हणाला. "काही केलं नसेल तर खोटं कशाला बोललीस?"

४

राधाकृष्णाला बोलावलं. तो आला, पण कुणाच्याच डोळ्याला डोळा देईना.

"हा फोटो तूच काढलास?"

"होय, साहेब."

"किती वाजता?"

"शनिवारी तीस-चाळीस फोटो होतात, साहेब. कुणाचा कधी काढला ते कसं लक्षात राहील? घड्याळात दिसतं तेच खरं."

"तुमी आमाला दोन तास लागतील म्हणालात की नाय?" अनुसया तिच्या नकळत मराठीतच उसळली, मग क्रेओलवर आली. "दीडला या म्हणालात. बारा चाळीसला फोटो काढला असता तर अडीचला बोलावलं असतंत. पन्नास मिनिटांत वाळलेला फोटो हातात देता का तुम्ही?"

राधाकृष्णानं ओठ ओले केले. धक्क्यावर खोकं टाकायचा त्याच्याकडं परवाना नव्हता, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, इन्स्पेक्टरला तर चांगलंच. "घाई असली तर… देतो पण कधी कधी," तो पुटपुटला.

"ऐकलंस?" देवराज म्हणाला.

ऐकलं होतं तिनं. एका परवान्याच्या भीतीनं माणूस आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंही गिळतो, हेही तिनं ऐकलं. त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं.

मग चंद्रावती आली. गोदामाच्या दाराशी बरण्या मांडून ती आंबट-तिखट अननस आणि कैऱ्या विकायची. साठीची बाई, भोजपुरी बोलणारी. जुन्या वळणाचा, पाठीवरून उजव्या खांद्यावर घेऊन पुढं सोडलेला पदर. समोरच्या खुर्चीवर ती धपकन बसली.

"ही दोघं बाकावर बसलेली मी पाहिली," ती म्हणाली. "सकाळी. माझी अननसाची पहिली बरणी अजून अर्धी होती."

"किती वाजता?"

"घड्याळ मला कुठलं कळायला, बेटा? बरणी अर्धी होती."

"बरणीवर खटला चालत नाही," देवराज म्हणाला. लाफोर्ज हसले. चंद्रावती हसली नाही. "बाराला तू कुठं होतीस?"

"पाणी आणायला गेले होते."

"म्हणजे नव्हतीस. बस."

त्यानं कागद पुढं ओढला आणि लिहायला सुरुवात केली. त्या कागदावर नाव चढलं की गुरुवारची मुलाखत संपली, हे त्या खोलीत कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. चोरीच्या आरोपातल्या बाईचा नवरा सरकारी शाळेत पोरांना काय शिकवणार? आणि गावात तर काय, उद्या तिच्याकडं पोलकं शिवायला टाकतानाही बायका कापड मोजून टाकतील.

इंद्रदेव खुर्ची जवळ घेऊन तिच्या कानाशी वाकला. त्याचा चेहरा मातकट झाला होता. मराठीतून, अगदी हळू, त्यानं विचारलं:

"अनुसया, मी पुस्तकांच्या दुकानात गेलो तवा अर्धा तास तू एकटी होतीस. तू… परत इकडं आली नव्हतीस ना?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. सात वर्षं ज्याच्या सदऱ्याचं एकेक बटण तिनं हातानं लावलं होतं, तो माणूस तिला हे विचारत होता. इन्स्पेक्टरनं दंड धरला तेव्हा संताप आला होता. अंबाडा सोडवला तेव्हाही आला होता. आता जे आलं त्याला संताप म्हणून भागणार नव्हतं.

"मी एकटी परत येऊन फोटो कसा काढीन, वो?" ती म्हणाली. "फोटोत तुमी हाव ना माझ्या बाजूला?"

त्यानं मान खाली घातली. पण विचारायचं ते विचारून झालं होतं.

५

रडू येऊ नये म्हणून अनुसयानं समोर नजर खिळवली. समोर चंद्रावती बसली होती. तिच्या उजव्या खांद्यावरून पुढं आलेला निळा पदर होता, आणि तिच्या अलीकडं टेबलावर फोटो पडला होता. दोन बायका, एक खरी आणि एक फोटोतली, दोघी तिच्याकडं तोंड करून. दोघींचे पदर एकाच खांद्यावर.

अनुसया पुढं वाकली.

दोघींचे पदर एका खांद्यावर असतीलच कसे? तिच्या आईनं, आजीनं, घरातल्या कुठल्याच बाईनं जन्मात उजव्या खांद्यावर पदर घेतला नव्हता. तिनं मान वळवून स्वतःकडं बघितलं. डावा खांदा, तिथंच लावलेली पिन, पाठीवर सोडलेला पदर. सकाळी घरी लावलेली ती पिन झडतीतसुद्धा काढली नव्हती.

मग एवढा वेळ हे दिसलं कसं नाही? कारण ती स्वतःला फक्त आरशातच बघत आली होती. आरशातला पदर असाच दिसतो. आणि नवरा परका का वाटला, तेही आता कळलं. त्याला ती आरशात कधी बघत नव्हती, समोर बघत होती.

"इन्स्पेक्टर," ती उठून उभी राहिली. "लिहायचं थांबवा आणि माझ्याकडं बघा. मघापासून सगळे बघताच आहात, आता जरा उपयोगाचं बघा. माझा पदर कुठल्या खांद्यावर आहे?"

देवराजनं वर पाहिलं. "डाव्या."

"आणि फोटोत?"

त्यानं फोटो उचलला. "उजव्या. बरं मग? मधल्या वेळात बदलला असशील."

"साडी म्हणजे काय टोपी आहे, इकडची तिकडं करायला? सगळी सोडून उलटी नेसावी लागते. ती कुठं नेसले मी, धक्क्यावर?" ती थांबली, मग म्हणाली, "पण तेही राहू द्या. पदर बदलता येतो असं धरून चाला. आता ह्यांच्याकडं बघा. हा सदरा मी शिवलाय. खिसा कुठं आहे?"

इंद्रदेवनं नकळत छातीवर हात नेला. डावीकडं. खिशात पेन होतं.

"आणि फोटोत?"

फोटोत खिसा उजवीकडं होता, पेनासकट.

"शिवलेला खिसा उसवून दुसऱ्या बाजूला लावून मग बाजारात गेले का मी?" अनुसयाचा आवाज चढला. "आमच्या धंद्यात शिकाऊ पोरीला पहिल्या दिवशी कापडाची उलट-सुलट बाजू शिकवतात. हा फोटो उलटा छापलाय! निगेटिव्ह उलटी धरली की डावं ते उजवं होतं. खिसा उलटा, पदर उलटा, ह्यांचा भांग उलटा, आणि घड्याळही उलटं. राधाकृष्ण, निगेटिव्ह आणा."

राधाकृष्णानं देवराजकडं पाहिलं. देवराजनं मान हलवल्यावर तो धावतच गेला आणि धावतच आला. निगेटिव्हची पट्टी त्यानं खिडकीशी धरली, काठावरचे आकडे वाचता येतील अशी, आणि तोंडातून "आयो!" एवढंच बाहेर पडलं. पट्टीत घड्याळाचा लहान काटा अकराच्या पुढं होता, मोठा चारवर.

अकरा वीस.

"शनिवारची घाई, साहेब," तो रडवेला झाला. "मशीनमध्ये पालथी घातली गेली असेल. पण माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"कारण अर्ध्या मॉरिशसच्या बायका तसा पदर घेतात," अनुसया म्हणाली. "तुमची आई घेत असेल."

"माझीही घेते," देवराज हळूच म्हणाला. त्यानं फोटो खाली ठेवला. "ठीक आहे. म्हणजे तू खोटं बोलली नाहीस. हरिलालची वेळ चुकली. अकरा वीसला बघितलं असेल त्यानं."

"नाही," अनुसया म्हणाली.

हरिलालनं डबा मांडीवर आणखी जवळ ओढला.

६

"नाही," ती पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांततेला सगळे जास्त घाबरले. "अकरा वीसला ह्यांनी वर बघितलं असतं तर घड्याळात अकरा वीसच दिसले असते. खरं घड्याळ काही उलटं नाही. आणि मला बघितलं असतं तर पदर डाव्या खांद्यावर दिसला असता. ह्यांना दिसलं काय? बारा चाळीस, आणि उजव्या खांद्यावर पदर. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त एकाच ठिकाणी होत्या, इन्स्पेक्टर. ह्या कागदावर. ह्यांनी मला कधी पाहिलंच नाही. ह्यांनी माझा फोटो पाहिला."

देवराज फोटोवाल्याकडं वळला.

"राधाकृष्ण," देवराज म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात परवान्याची धमकी नव्हती. "फोटो वाळत कुठं घालतोस?"

"खोक्याच्या तोंडाशी दोरी आहे, साहेब. चिमटे लावून." त्यानं हरिलालकडं चोरून बघितलं आणि मग एकदाचा धीर केला. "हरिलाल पाऊण वाजता माझ्याकडं चहा प्यायला आला होता. फोटो बघत होता. हे गाववाले कोण म्हणून विचारलं त्यानं. मी म्हटलं, फ्लाकचे आहेत, दीडला फोटो न्यायला येतील."

"हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मघाशी विचारलं नाहीत."

हरिलाल उठला. "साहेब, बाईमाणसाच्या बोलण्यावर…"

"बसा!" अनुसया कडाडली. "माझी पिशवी उलटी केली. माझे केस सोडवले. माझ्या अंगावरून परक्या बाईचे हात फिरले. ह्यांचा डबा कुणी उघडला? साडेबाराला जेवले म्हणतात ना? मग जेवलेला डबा माणूस तासभर मांडीवर घट्ट धरून बसतो कशाला? गणवेश आहे म्हणून कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आम्हाला विचारावंसं वाटलं, कारण आमच्या अंगावर गावची साडी होती."

देवराजनं डबा काढून घेतला. हरिलालनं सोडायला थोडा वेळ लावला. झाकण उघडलं. भात होता, मसूर होती, आणि भाताला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. देवराजनं चमच्यानं भात बाजूला केला. खाली केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी पिवळं चमकलं.

"मों द्यू," लाफोर्ज म्हणाले आणि डबी रुमालानं पुसायला लागले. मग घड्याळ बघितलं. "अजून अडीचच झालेत. छान. आता हे शांतपणे मिटवू या. मादाम, तुम्ही मागच्या दारानं जा. पाहुणे यायच्या वेळी गडबड नको."

७

अनुसयानं खुर्चीवर बसून केस विंचरले. सावकाश. अंबाडा घातला, पिना लावल्या, पिशवीत एकेक वस्तू परत ठेवली. सगळे उभे होते, तिची वाट बघत. बघू देत.

"मागच्या दारानं मी आले नाही," ती मग म्हणाली. "पुढच्या दारानं आणलं मला, धक्क्याच्या मधोमध, दंड धरून. तशीच परत जाणार. आणि इन्स्पेक्टर माझ्याबरोबर चालणार. जिथं जिथं लोकांनी बघितलं, तिथं तिथं थांबून सांगणार."

"बहिन, मी कागदावर लिहून देतो…"

"कागद तर द्यायचाच. शाळेच्या नावानं, सहीशिक्क्यासकट. पण धक्क्यावरची माणसं कागद वाचायला येणार नाहीत."

देवराज थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. सोपं उत्तर हातात आलं की दुसरं शोधायचं नाही, एवढीच त्याची खोड होती, आणि तेवढ्या खोडीवर माणसांचे संसार उठतात. त्यानं टोपी घातली आणि दार उघडून धरलं.

हमालांपाशी तो थांबला. अननसवाल्या बायकांपाशी थांबला. बसथांब्यावर तर त्याला आवाज चढवावा लागला. "ह्या मादामनी काही घेतलेलं नाही," तो प्रत्येक ठिकाणी म्हणाला. "चूक माझी. चोर त्यांनीच पकडून दिला." तिसऱ्यांदा म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. अनुसया शेजारी ताठ उभी होती. तिनं एकदाही असू द्या म्हटलं नाही.

साडेतीनच्या बसमध्ये गर्दी होती. इंद्रदेवला ती बसली त्या बाकावर जागा मिळाली नाही, तो दांडीला धरून उभा राहिला. अनुसयाच्या शेजारी गावातली भगवती बसली होती. तिनं दुपारी धक्क्यावर अर्धंच बघितलं होतं आणि उरलेलं अर्धं मिळवल्याशिवाय तिला घर गाठवणार नव्हतं.

"आयो, अनुसया! पोलीस तुला दंड धरून घेऊन गेला, मी बघितला. काय झाला तरी काय, गो?"

अनुसया खिडकीबाहेर बघत राहिली. "त्यांना विचार," ती म्हणाली. "ते होते तिथं."

सगळी बस इंद्रदेवकडं बघायला लागली. तो मास्तर होता, गोष्ट सांगायची त्याला सवय होती. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं. दंड धरल्याचं, झडतीचं, केस सोडायला लावल्याचं. फोटोचं, खिशाचं, डब्यातल्या भाताचं. बसमधली माणसं मधेच इन्स्पेक्टरला शिव्या देत होती, मधेच टाळ्या वाजवत होती. इथं थांबला असता तर गोष्ट पूर्ण झाली असती. भगवतीनं समाधानानं मान हलवलीसुद्धा.

"आनि एक राह्यला," इंद्रदेव म्हणाला. त्याचा हात दांडीवर घट्ट आवळला गेला. "सगळ्यांनी तिला चोर ठरवली, त्यात मी पन होतो. मी तिला विचारला, तू परत गेली नव्हतीस ना. तिच्या कानात विचारला. पोलिसानं विचारला तो त्याचा धंदा. मी कशाला विचारला?"

चालकानं घाटाच्या चढावर गिअर बदलला.

"मग?" भगवतीनं दबक्या आवाजात विचारलं. "ती काय बोलली?"

"तवा बरोबर जवाब दिला. पन त्यानंतर माझ्याशी अजून काय बोलली नाय," इंद्रदेव म्हणाला. "मी हाय हितं उभा."